किती दिवस ठेवायचे?

साहित्याच्या अभ्यासकाला जुना मजकूर आयता मिळतो. पोथी कोणीतरी नकलून ठेवलेली असते, मासिकांचे अंक कोणत्यातरी ग्रंथालयाने बांधून ठेवलेले असतात, पत्रव्यवहार कुटुंबीयांनी ट्रंकेत जपलेला असतो. काय ठेवायचे, किती काळ ठेवायचे आणि काय जाऊ द्यायचे, हे निर्णय आपल्या आधी होऊन गेलेले असतात. आपण उरलेल्यावर भाष्य करतो. त्यामुळे जतनाचा निर्णय हाही एक वाङ्मयीन निर्णय आहे, ही जाणीव आपल्या अध्यापनात फारशी दिसत नाही. आम्हांला ती एका अगदीच वेगळ्या कामाने दिली. ते काम म्हणजे यूझनेटचा एक लहानसा सर्व्हर चालवणे.

मराठीच्या प्राध्यापकांनी सर्व्हर चालवावा, तोही काळ्या पडद्यावर आज्ञा टंकून, याचे अनेकांना नवल वाटते. हा आमचा छंद आहे असे म्हणून विषय संपवला जातो. प्रस्तुत लेखात आम्हांला असे मांडायचे आहे की हे काम संपादनाचे आहे, पाठचिकित्सेच्या तासाला आपण जे शिकवतो त्याच्याशी त्याचे जवळचे नाते आहे आणि आपल्या विभागांनी ते अंगावर घेण्याची वेळ आली आहे.

यूझनेट हे नाव आजच्या विद्यार्थ्यांना बहुधा ठाऊक नसेल, म्हणून थोडी ओळख करून देतो. १९७९ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातले टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांना अशी कल्पना सुचली की दोन विद्यापीठांच्या संगणकांनी एकमेकांना दूरध्वनीवरून बातम्या आणि टिपणे द्यावीत. शेजारच्या चॅपेल हिल येथील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातले स्टीव्ह बेलोविन यांनी त्यासाठीची पहिली आज्ञावली लिहिली आणि १९८० मध्ये ही व्यवस्था इतरांसाठी खुली झाली. दिवसाकाठी मोजकेच लेख येतील असा त्या मंडळींचा अंदाज होता. पुढे विषयवार हजारो गट निर्माण झाले. १९८६ मध्ये ब्रायन कँटर आणि फिल लॅप्सली यांनी सर्व्हरांनी परस्परांशी कसे बोलावे याचे नियम सिद्ध केले. एनएनटीपी या नावाने ते ओळखले जातात. १९९२ मध्ये रिच सॉल्झ यांची इंटरनेटन्यूज, संक्षेपाने आयएनएन, ही आज्ञावली बाहेर आली. तिची देखभाल आजही होते आणि आम्ही तीच वापरतो.

या व्यवस्थेचे वैशिष्ट्य असे की तिला केंद्र नाही. लिहिणारा आपला लेख जवळच्या सर्व्हरला देतो. तो सर्व्हर लेखाची प्रत आपल्यापाशी ठेवतो आणि शेजारच्या सर्व्हरांना देतो. ते पुढे त्यांच्या शेजाऱ्यांना देतात. एकाच लेखाच्या अशा असंख्य प्रती जगभर पसरतात आणि प्रत्येक ठिकाणचा प्रशासक आपल्याकडच्या प्रतीचे काय करायचे ते स्वतंत्रपणे ठरवतो. कोणते गट घ्यायचे, कोणाकडून घ्यायचे, कोणाला द्यायचे आणि किती दिवस ठेवायचे, या चार प्रश्नांची उत्तरे त्याला स्वतःच द्यावी लागतात. आमचा सर्व्हर लिनक्सवर चालणाऱ्या एका जुन्या संगणकावर आहे. चित्रे व चित्रफिती वाहून नेणारे गट आम्ही घेत नाही, फक्त मजकुराचे निवडक गट घेतो. एवढ्या कामाला साधा संगणक पुरतो.

दोन सर्व्हरांमधला संवाद आम्ही विद्यार्थ्यांना मुद्दाम दाखवतो, कारण तो माणसाला वाचता येतो. एक सर्व्हर दुसऱ्याला ‘आयहॅव’ असा शब्द उच्चारून लेखाची ओळख सांगतो. माझ्यापाशी अमुक लेख आहे, इतकाच त्याचा अर्थ. दुसरा आपल्या नोंदवहीत पाहतो. लेख नवा असेल तर ३३५ हा आकडा उत्तरादाखल येतो, म्हणजे पाठव. आधीच मिळालेला असेल तर ४३५ येतो, म्हणजे नको. लेख घेऊन पाहिल्यावर तो आपल्या धोरणात बसत नसेल तर ४३७, म्हणजे नाकारला, पुन्हा पाठवू नकोस. सारा व्यवहार एवढाच. यात कोणी कोणाचा वरिष्ठ नाही आणि घेण्याची सक्ती कोणावरही नाही.

प्रत्येक लेखाच्या माथ्यावर काही ओळी असतात. लेखक, विषय, गट, दिनांक आणि लेखाची ओळख त्यांत येते. लेखाची ओळख जगभर एकच असते. पण ‘पाथ’ नावाची जी ओळ असते, ती प्रत्येक ठिकाणी वेगळी दिसते. लेख ज्या ज्या सर्व्हरवरून जातो तो तो सर्व्हर आपले नाव त्या ओळीत डावीकडे जोडतो आणि नावांमध्ये उद्गारचिन्ह येते. उजवीकडून डावीकडे वाचत गेले की लेख कोठून निघाला आणि कोणाकोणाच्या हातून आपल्यापर्यंत आला हे कळते. लेखाचा क्रमांकही स्थानिक असतो. आमच्याकडे जो लेख त्या गटात १०४१ वा आहे, तो दुसरीकडे ३७७ वा असू शकतो. मजकूर मात्र वाटेत कोणी बदलायचा नाही, असा दंडक आहे.

जुन्या मराठी वाङ्मयाचा अभ्यास करणाऱ्याला हे सारे ओळखीचे वाटेल. लीळाचरित्राची मूळ प्रत हरवल्यानंतर ते स्मरणातून पुन्हा सिद्ध झाले आणि त्याचे निरनिराळे पाठ निरनिराळ्या नावांनी चालत आले. एकनाथांनी शके १५०६, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीच्या प्रती पाहून पाठ शुद्ध केला, तेव्हा त्यांच्यापुढेही कोणती प्रत कोणाच्या हातून आली हाच प्रश्न असणार. आपल्या पोथ्यांच्या बाबतीत हा वंशवृक्ष नंतरच्या संशोधकांना अनुमानाने उभा करावा लागतो. यूझनेटवर तो प्रत्येक प्रतीच्या माथ्यावर लिहिलेला असतो. पाठचिकित्सा शिकवताना आम्ही एकाच लेखाच्या दोन सर्व्हरांवरील प्रती विद्यार्थ्यांपुढे ठेवतो. मजकूर अक्षरशः तोच आणि माथा वेगळा. ‘अस्सल प्रत कोणती?’ असे विचारले की वर्ग पाच मिनिटे गप्प होतो आणि मग चर्चा चांगली होते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. आयएनएनमध्ये मुदतीची एक फाइल असते. साध्या मजकुराची फाइल, कोणत्याही संपादकात उघडता येणारी. तिच्यात एकेका ओळीत गटाचे नाव आणि त्यापुढे तीन आकडे लिहायचे असतात. लेखकाने आपल्या लेखाच्या माथ्यावर ‘हा अमुक तारखेपर्यंत ठेवावा’ असे स्वतः लिहिण्याची सोय आहे. पहिला आकडा सांगतो की लेखकाने लवकरची तारीख दिली तरी लेख निदान इतके दिवस राहील. दुसरा सांगतो की लेखकाने काहीच म्हटले नसेल तर तो किती दिवस राहील. तिसरा सांगतो की लेखकाची इच्छा कितीही दीर्घ असली तरी याहून अधिक ठेवले जाणार नाही. आज्ञावलीसोबत येणाऱ्या नमुना फाइलमध्ये हे आकडे एक, दहा आणि ‘कधीही नाही’ असे असतात. बदलायचे की नाही, हे ज्याने त्याने ठरवायचे.

त्याच फाइलमध्ये आणखी एक ओळ असते, तिचे नाव ‘रिमेंबर’. लेख काढून टाकल्यावर किंवा नाकारल्यावरही त्याची ओळख नोंदवहीत किती दिवस ठेवायची, हे ती सांगते. नमुन्यात तेथे ११ असते. ही ओळख ठेवली नाही, तर एखादा शेजारी तोच लेख पुन्हा देऊ करील आणि आपण तो नवा समजून पुन्हा घेऊ. एखादी गोष्ट टाकून द्यायची असेल, तर ती आपण टाकली आहे एवढे तरी लक्षात ठेवावे लागते. आपल्या वाङ्मयेतिहासात अशी नोंदवही कोणी ठेवलेली नाही. कोणत्या हस्तलिखिताला मासिकाने नकार दिला, कोणत्या कविता संग्रहातून गाळल्या गेल्या, कोणते नाटक एका प्रयोगानंतर बंद झाले, याची माहिती योगायोगाने हाती लागली तरच लागते.

पडद्यावर आज्ञा टंकून काम करण्याचा आग्रह आम्ही का धरतो, त्याचे कारणही येथेच आहे. चित्रांवर टिचकी मारून चालणाऱ्या व्यवस्थेत धोरण कोठेतरी आत दडलेले असते. ते कोणी, केव्हा आणि का ठरवले हे मागाहून कळत नाही. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये मात्र प्रत्येक ओळीच्या वर शेरा लिहिता येतो. ओळीच्या आरंभी एक ठरावीक चिन्ह घातले की सर्व्हर ती ओळ वगळतो आणि माणूस वाचतो. आम्ही प्रत्येक आकड्याच्या वर दिनांक, विभागात झालेल्या चर्चेचा सारांश आणि कोणाचे मत वेगळे होते ते मराठीत लिहितो. आज ती फाइल वाचली तर आकड्यांपेक्षा शेरेच अधिक आहेत. एखाद्या संपादित ग्रंथाच्या तळटिपांसारखे तिचे रूप झाले आहे. पुढे कोणी हे काम हाती घेईल, त्याला आमचे निर्णय पटोत वा न पटोत, ते का घेतले हे तरी कळेल.

हे सारे सुटसुटीत वाटते, पण निर्णयांचा भार खराच असतो. आमच्या सर्व्हरवर बाहेर न जाणारा एक स्थानिक गट आहे. पदव्युत्तर वर्गाचे विद्यार्थी वाचलेल्या पुस्तकांवर तेथे टिपणे लिहितात आणि एकमेकांना उत्तरे देतात. त्या गटाची मुदत आम्ही आरंभापासून तीन वर्षे ठेवली आहे. चांगली टिपणे लेखकाच्या लेखी संमतीने वेगळ्या संग्रहात जातात. एका विद्यार्थिनीने एका कादंबरीवर टिपण लिहिताना स्वतःच्या घरातील परिस्थितीचा मोकळेपणाने उल्लेख केला होता. दीड वर्षाने ती नोकरीला लागली आणि ते टिपण काढावे अशी तिने विनंती केली. लेख तिचा होता. आम्ही तो काढला. त्याला एक आज्ञा पुरली.

पण तिच्या टिपणाला पाच उत्तरे आली होती आणि यूझनेटच्या रीतीप्रमाणे उत्तर देणाऱ्यांनी तिची वाक्ये उद्धृत केली होती. आम्ही पाचही जणांना विचारले. चौघांनी आपापली उत्तरे मागे घेतली. पाचव्याने नकार दिला. त्याचे म्हणणे असे, की त्याचा सारा युक्तिवाद त्या वाक्यांवर उभा आहे, ती काढली तर त्याच्या लेखनाला अर्थ उरत नाही, आणि त्याचे लेखन त्याचे आहे. त्याचे उत्तर त्या गटातील उत्तम समीक्षात्मक लेखनापैकी एक होते, हेही खरे. ते संग्रहात घ्यावे की नाही यावर विभागात दोन बैठका झाल्या. आमच्यापैकी काहींना वाटते की उद्धृत झालेले वाक्य हे त्या क्षणापासून वाचकाच्याही मालकीचे होते. समीक्षा त्याशिवाय संभवतच नाही. काहींना वाटते की एकविसाव्या वर्षी वर्गमित्रांपुढे लिहिलेले वाक्य आणि छापलेल्या पुस्तकातले वाक्य यांना एक नियम लावणे अन्यायाचे आहे. तीन वर्षांची मुदत संपल्यावर ते उत्तर सर्व्हरवरून गेले. त्याची एक प्रत त्याच्या लेखकापाशी आहे. संग्रहात ते नाही आणि ते नसावे यावर आमचे आजही एकमत नाही. दोन्ही मते फाइलमध्ये शेऱ्याच्या रूपाने नोंदलेली आहेत.

हाच पेच यूझनेटच्या इतिहासात फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिलेला आहे. सुरुवातीच्या काळात बहुतेक सर्व्हर काही दिवस, फार तर काही आठवडे लेख ठेवत. साठवणुकीची जागा महाग होती. लिहिणाऱ्यांचीही तीच समजूत असे. ते लेखन लिखित असले तरी त्याचा स्वभाव बोलण्याचा होता. अपवाद होता तो टोरांटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागाचा. तेथील प्रशासक हेन्री स्पेन्सर यांनी १९८१ पासून १९९१ पर्यंतचे लेख चुंबकीय फितींवर उतरवून ठेवले. अशा १४१ फिती जमल्या. त्यांत सुमारे वीस लाख संदेश होते. या माध्यमाच्या पहिल्या दशकाचा इतका मोठा दस्तऐवज ग्रंथालयाने नव्हे, प्राणिशास्त्र विभागाने वाचवला, याची नोंद आपण घ्यायला हवी. त्या दशकातच, ऑगस्ट १९९१ मध्ये, टिम बर्नर्स-ली यांनी आपल्या वर्ल्ड वाइड वेबची माहिती आणि लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सची पहिली वार्ता यूझनेटवरच दिली होती.

१९९५ मध्ये डेजा न्यूज या कंपनीने यूझनेटचे लेख कायमचे साठवून शोधता येतील अशी सोय केली. ज्यांना आपला लेख साठवला जाऊ नये असे वाटत होते, त्यांच्यासाठी माथ्यावर तशी सूचना लिहिण्याची रीत पडली. पण आधीच्या लेखकांना ती संधी मिळाली नव्हती. २००१ च्या फेब्रुवारीत गूगलने तो साठा विकत घेतला, त्यात स्पेन्सर यांच्या फितींवरील मजकूर मिळवला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात वीस वर्षांचे सत्तर कोटींहून अधिक संदेश लोकांपुढे ठेवले. जे दोन आठवड्यांसाठी लिहिले गेले, ते कायमचे झाले.

या मोठ्या साठ्याचा जो उपयोग झाला तो आम्ही नाकारत नाही. पण त्याचा एक परिणाम असा झाला की लहान सर्व्हरांनी ठेवण्याची जबाबदारी मनातून सोडून दिली. सर्व काही तेथे आहे, मग आपण कशाला ठेवायचे? २० मे २०१० रोजी ड्यूक विद्यापीठाने, म्हणजे यूझनेटच्या जन्मस्थानाने, आपला सर्व्हर बंद केला. स्पेन्सर यांच्या फितींवरील साठ्याची एक प्रत इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेकडे होती. काही संदेश गाळावेत अशी कायदेशीर मागणी सतत होत राहिल्याने २०२० मध्ये तो साठाच तेथून काढून घेण्यात आला. २२ फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने यूझनेटचे नवे लेख घेणे व देणे थांबवले. त्या दिवसापर्यंतचा जुना मजकूर पाहता येईल असे त्या वेळी सांगण्यात आले. तो आणखी किती दिवस पाहता येईल, हे ठरवणारा आकडा आता आपल्यापैकी कोणाच्याच फाइलमध्ये नाही.

यात मराठीचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध थेट आहे. यूझनेटवर ‘सॉक डॉट कल्चर डॉट इंडियन डॉट मराठी’ या नावाचा गट होता. यूझनेटच्या मुख्य श्रेण्यांत नवा गट सहजासहजी निघत नसे. आधी चर्चा, मग मतदान. विरोधी मतांपेक्षा अनुकूल मते शंभराने अधिक आणि एकूण मतांच्या दोनतृतीयांश हवीत, असा नव्वदच्या दशकातला नियम होता. भारतात सर्वसामान्यांसाठी विदेश संचार निगमाची इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. त्यामुळे आरंभीच्या काळात आंतरजालावर मराठीत लिहिणारे बहुतांश परदेशी शिकणारे आणि नोकरी करणारे मराठी लोक होते, आणि त्यांना देवनागरी टंकण्याची सोय नव्हती. त्यांनी रोमन लिपीत मराठी लिहिली. ‘ळ’ आणि ‘ल’, ‘ण’ आणि ‘न’ यांतला भेद दाखवायचा की सोडून द्यायचा, अनुस्वार कसा लिहायचा, दीर्घ स्वरासाठी अक्षर दोनदा लिहायचे की मोठ्या लिपीत, हे ज्याने त्याने ठरवले. आयट्रान्ससारखी लिप्यंतराची पद्धत काहींनी पाळली, बहुतेकांनी कानाला जे ऐकू आले ते लिहिले.

भाषेच्या अभ्यासकाला याहून अधिक मोलाचे काय हवे? शुद्धलेखनाच्या नियमांचा धाक नसताना, शिकलेली माणसे आपले उच्चार लिपीत कसे उतरवतात, इंग्रजी शब्द वाक्यात कोठे आणतात, घरापासून दूर असताना कोणत्या म्हणी टिकतात, याचा हा पुरावा आहे. आंतरजालावरील मराठी गद्याचा इतिहास कोणी लिहायला घेतला तर त्याचे पहिले प्रकरण देवनागरी संकेतस्थळांपासून सुरू करता येणार नाही. त्याआधीचे हे रोमन लिपीतील प्रकरण लिहावेच लागेल. आणि ते लिहिण्यासाठी लागणारा मजकूर आज मराठीच्या विभागांच्या ताब्यात नाही. तो जेथे कोठे आहे, तेथे ज्यांना त्यातले अक्षर कळत नाही अशा लोकांच्या मर्जीवर आहे.

आमच्या मांडणीवर तीन आक्षेप संभवतात. पहिला असा, की यूझनेट मेलेले आहे, त्याचे कौतुक हा गतकाळाचा मोह आहे. यूझनेटची पडझड आम्ही लपवत नाही. १९९३-९४ च्या सुमारास मोठ्या कंपन्यांचे ग्राहक लोंढ्याने आले आणि जुन्या शिष्टाचाराची घडी मोडली. १९९४ च्या एप्रिलमध्ये दोन वकिलांनी ग्रीन कार्डची जाहिरात हजारो गटांत एकाच वेळी टाकली आणि नको असलेल्या जाहिरातींचे युग सुरू झाले. केंद्र नसलेल्या व्यवस्थेला लुबाडणे सोपे असते. आजही आमचे पुष्कळसे काम चाळणी लावण्याचे आहे. तथापि आम्ही यूझनेटचे पुनरुज्जीवन मागत नाही. प्रत्येक ठिकाणी एक प्रत आणि प्रत्येक ठिकाणी एक जबाबदार माणूस, ही त्याची रचना आम्हांला अनुकरणीय वाटते.

दुसरा आक्षेप खाजगीपणाचा. मजकूर अनेकांनी ठेवला तर तो मागे घेणे अशक्य होईल. हा आक्षेप गंभीर आहे. यूझनेटवर लेख रद्द करण्याचा संदेश पाठवता येतो, पण ती विनंती असते. मानायची की नाही हे प्रत्येक सर्व्हर ठरवतो. खोट्या नावाने असे संदेश पाठवून दुसऱ्यांचे लेख पाडण्याचे प्रकार इतके झाले की अनेक प्रशासकांनी ते मानणेच सोडले. रद्द करणारा हाच मूळ लेखक आहे, हे पडताळण्याची एक पद्धत २०१८ मध्ये अधिकृतपणे नोंदली गेली. तरीही तंत्राने हा प्रश्न पूर्ण सुटणार नाही. आमचे म्हणणे एवढेच, की विनंती ऐकणारा माणूस जवळ असावा. आमच्या विद्यार्थिनीला कोणाला भेटायचे ते ठाऊक होते. दूरच्या कंपनीच्या साठ्यातून वाक्य काढून घ्यायचे असते, तर तिने कोणाचे दार ठोठावले असते?

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: प्राध्यापकांना वेळ कोठे आहे? पहिल्या महिन्यात हे काम वेळ घेते, हे खरे. त्यानंतर सर्व्हर रोज रात्री आपली झाडलोट आपणच करतो आणि किती लेख आले, किती नाकारले, किती मुदत संपून गेले याचा अहवाल सकाळी टपालात ठेवतो. तो वाचायला दहा मिनिटे लागतात. आज बहुतेक विभागांतील वाङ्मयीन चर्चा भ्रमणध्वनीवरील गटांत होते. तेथे कधी कधी फार चांगले लिहिले जाते, आणि फोन बदलला किंवा गट बंद पडला की नाहीसे होते. त्यातले काय राहावे आणि काय जावे हे तेथे कोणी ठरवतच नाही. आठवड्याला तास दीड तास देऊन हा निर्णय आपल्या हाती येत असेल, तर तो वेळ वाया गेला असे आम्हांला वाटत नाही.

तेव्हा आमची सूचना अशी आहे. तीन-चार महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी आपापला लहान सर्व्हर उभारावा आणि एकमेकांचे शेजारी व्हावे. प्रत्येकाने आपल्या विद्यार्थ्यांच्या लेखनापैकी जे बाहेर जाण्यास लेखकांची संमती आहे तेवढेच इतरांना द्यावे. रोमन लिपीतील जुन्या मराठी गटाचा जो भाग आज मिळवता येतो, तो मिळवून प्रत्येकाने त्याची प्रत ठेवावी. मात्र ती अभ्यासकांपुरती असावी, शोधयंत्रांना खुली नसावी, आणि कोणा लेखकाने आपले लेखन मागे घ्यायचे म्हटले तर त्याचा विचार करणारी तीन जणांची समिती प्रत्येक विभागात असावी. मुदतीचे आकडे सर्वांनी सारखे ठेवण्याची गरज नाही. एका विभागाला पाच वर्षे पुरेशी वाटतील, दुसऱ्याला पंचवीस. आकडे वेगळे असल्यानेच एकाने सोडलेले दुसऱ्यापाशी सापडण्याचा संभव राहतो.

येत्या शैक्षणिक वर्षाच्या पहिल्या विभागीय बैठकीत हा विषय घ्यावा, अशी आमची विनंती आहे. संगणकाचा खर्च, जागा, विजेची सोय हे नंतरचे प्रश्न. आधी एका कोऱ्या कागदावर विद्यार्थ्यांच्या टिपणांसाठी, विभागाच्या चर्चांसाठी आणि जुन्या मराठी गटासाठी मिळून तीन ओळी लिहाव्यात, प्रत्येक ओळीपुढे दिवसांचा आकडा घालावा आणि त्यावर आपले कारण लिहावे. त्या कागदावर मतभेद झाले तर तेही लिहून ठेवावेत.